दुःख सोसणे आणि दुःख ऐकणे

सोशिकपणा हा वारकऱ्याचा दागिना आहे, असे आम्ही कीर्तनातून पुष्कळ वेळा सांगत आलो. देहाचे भोग देहाने भोगावेत, मुखाने नाम घ्यावे, कुरकुर करू नये, असा आमचा उपदेश असे. ऐकणारे माना डोलवीत. त्या डोलणाऱ्या मानांपैकी किती माना दुखत असतील, हा विचार मात्र आमच्या मनाला कधी शिवला नाही. तो शिवला, आमचीच मान दुखू लागली तेव्हा.

म्हणून आज वाचकांपुढे एक प्रश्न ठेवतो. दुखत असता ‘दुखते’ म्हणणे हा भक्तीतला उणेपणा आहे काय? आणि दुसरा कोणी ‘दुखते’ म्हणत असेल, तर ते खरे की खोटे हे ठरविण्याचा अधिकार कोणाला?

आपले दुखणे चारचौघांत मांडावे असे आम्हांस वाटत नाही. पण येथे ते सांगितल्यावाचून विषय कळणार नाही. आमच्या मानेच्या पाचव्या व सहाव्या मणक्यांमधली चकती सरकून हाताकडे जाणारी नस दाबली गेली होती. उजवा हात बधिर होई, हातातला टाळ गळून पडे. शहरातल्या एका रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. गळ्याच्या पुढल्या बाजूने शिरून चकती काढली आणि दोन्ही मणके पट्टी व स्क्रू लावून जोडले. हाताची ताकद बरीचशी परत आली. हे उपकार आम्ही विसरणार नाही.

परंतु मान आणि खांदा यांमधली कळ काही गेली नाही. रात्री कूस बदलताना वीज चमकावी तशी ती चमके आणि पार अंगठ्यापर्यंत उतरे. दिंडीत वीस वर्षे आम्ही गळ्यात वीणा घेऊन उभे राहिलो. आता वीणा गळ्यात घेतली की दहा मिनिटांत हात मुंग्यांनी भरून येतो.

तीन महिन्यांनी दाखवायला गेलो. डॉक्टरांनी फोटो पाहिला आणि म्हणाले, “छान बसलंय सगळं. काही नाही.”

आम्ही म्हणालो, “पण साहेब, दुखतं अजून.”

“दुखायला कारणच नाही. मनातून काढून टाका बघू.” आणि पुढच्या माणसाला हाक गेली.

दुसऱ्या डॉक्टरांनी वय विचारले आणि सारे वयावर घातले. तिसऱ्यांनी झोपेची गोळी लिहून दिली. हळूहळू घरची मंडळीही म्हणू लागली, “अहो, डॉक्टर तर काही नाही म्हणतात!” वाचकहो, मूळ कळेपेक्षा हे अधिक दुखले. दुखणाऱ्या माणसाला खोटे ठरविले की त्याचे दुखणे दुप्पट होते, आणि ते दुसरे दुखणे कोणत्याही फोटोत दिसत नाही. एका रात्री तर आमचाच आमच्यावरचा विश्वास उडाला. वाटले, कोण जाणे, आपण ढोंग तर करीत नाही?

अशा मनःस्थितीत एका एकादशीस आम्ही झरीला गेलो. पालघर जिल्ह्याच्या तलासरी तालुक्यातले, गुजरातच्या सीमेजवळचे हे वारली वस्तीचे गाव. तेथे एका माळकऱ्याच्या अंगणात भजन असते आणि आमचे जाणे-येणे जुने आहे. भजन आटोपले, बुक्का लावून झाला, मंडळी पांगली. तेव्हा एक वयस्क बाई पुढे आली आणि म्हणाली, “बुवा, मान कशी आहे आता?”

आम्ही नेहमीप्रमाणे “ठीक आहे” म्हणणार होतो, पण तोंडून निघाले, “दुखते, बाई.”

ती तिथेच खाली बसली. “कुठं दुखतं? मानेत का खांद्यात? रात्री जास्ती होतं का? हात वर केला की बरं वाटतं का?” असे एकेक विचारू लागली. इतके प्रश्न आम्हांला तिघा डॉक्टरांनी मिळून विचारले नव्हते. आम्ही म्हणालो, “तुला गं कसं एवढं ठाऊक?” तर कळले की तिची स्वतःची मान कित्येक वर्षे दुखते आहे. लहानपणापासून डोक्यावर जळणाच्या मोळ्या वाहिल्या, पाण्याचे हंडे वाहिले. मग ती हसून म्हणाली, “तुम्हाला सांगितलं होतं की मी मागं. तुम्ही म्हणालात, भोग आहे बाई, नाम घे.”

तिच्या बोलण्यात ठपका नव्हता. म्हणूनच तो आम्हांला अधिक लागला. ज्या डॉक्टरांवर आम्ही सहा महिने मनातल्या मनात रागावत होतो, तेच काम आम्ही या बाईशी केले होते. त्यांनी ‘काही नाही’ म्हणून दार लावले, आम्ही ‘भोग आहे’ म्हणून लावले. बाहेर उभा राहणाऱ्याला दार शास्त्राने लागले की वेदान्ताने, यात काय फरक?

घरी परतताना आम्हांला चोखोबांची आठवण झाली. इ. स. १३३८ मध्ये मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळली आणि चोखोबा इतर मजुरांबरोबर तिच्याखाली गाडले गेले. त्यांच्या अस्थी आणण्यास नामदेवराय गेले. अनेकांची हाडे एकत्र झालेली. चोखोबांची कोणती हे डोळ्यांनी कसे कळावे? परंपरा सांगते की नामदेवांनी एकेक हाड कानाशी धरले. ज्यातून विठ्ठलनाम ऐकू आले ते चोखोबांचे, असे जाणून त्यांनी त्या अस्थी पंढरीस आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी बांधविली.

ही कथा आम्ही नामाचा महिमा म्हणून शेकडो वेळा सांगितली असेल. परंतु तिचा दुसरा अर्धा भाग आमच्या ध्यानात आला नव्हता. हाड बोलत होते, हे तर खरेच. पण नामदेवांनी कान लावला नसता तर? पाहणाऱ्याला सगळी हाडे सारखीच दिसली असती. आमच्या मणक्यांचे फोटो पुष्कळांनी पाहिले. कान कोणी लावला नव्हता. आणि त्या बाईच्या मानेला आम्हीही लावला नव्हता.

आता डॉक्टरांवर अन्याय होऊ नये म्हणून शास्त्र काय म्हणते तेही पाहिले पाहिजे. फोटोत हाड दिसते, चकती दिसते, स्क्रू दिसतो. वेदना दिसत नाही. पुष्कळ दिवस दाबली गेलेली नस दाब काढला म्हणून लगेच सुधारत नाही. तुटलेला तंतू नव्याने वाढतो तो साधारण दिवसाला एक मिलिमीटर या चालीने, आणि कधी पूर्णपणे वाढतही नाही. शिवाय वेदना फार काळ टिकली तर मज्जारज्जू व मेंदू यांनाच तिची सवय जडते. जखम भरली तरी ते संदेश देत राहतात, जसा पाहुणा निघून गेल्यावरही कुत्रा भुंकत राहतो. कधी जोडलेल्या मणक्यांच्या शेजारच्या मणक्यावर ताण येतो, कधी जोड नीट धरत नाही, कधी स्नायू आखडून राहतात. म्हणजे ‘फोटो चांगला आहे’ हे खरे, आणि ‘दुखते आहे’ हेही खरे. दोन्ही एकाच मानेत सुखाने नांदतात.

वेदनेचा अभ्यास करणारी एक आंतरराष्ट्रीय संस्था आहे. तिने १९७९ साली केलेली वेदनेची व्याख्या २०२० मध्ये सुधारली आणि तिच्याबरोबर स्पष्ट म्हटले की, माणूस आपल्याला वेदना होते असे सांगतो त्या सांगण्याचा आदर राखला पाहिजे. तीन महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या वेदनेस जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या नव्या वर्गीकरणात, जे २०२२ पासून लागू झाले, स्वतंत्र स्थान मिळाले आहे. तेव्हा ‘मनातून काढून टाका’ हे शास्त्राचे उत्तर नव्हे. ते घाईचे उत्तर आहे. शल्यविशारद ‘काही नाही’ म्हणतो, त्याचा खरा अर्थ ‘मी कापून काढावे असे काही उरले नाही’ एवढाच असतो. दाराबाहेर शंभर माणसे ताटकळत असता तेवढे लांब वाक्य बोलायला त्याला फुरसत नसते. ही अडचण आम्ही जाणतो. पण ‘तुमचं दुखतं हे खरं आहे, माझ्याकडे त्याचा उपाय नाही, अमक्याकडे जा’ एवढे म्हणण्यास किती वेळ लागतो?

येथे कोणी सज्जन विचारतील, “मग बुवा, प्रारब्ध खोटे काय?” आम्ही प्रारब्ध खोटे म्हणत नाही. परंतु प्रारब्ध हा शब्द ज्याचा त्याने स्वतःपुरता वापरावा. माझा भोग मी भोग म्हणून सोसला तर ती तितिक्षा होय. दुसऱ्याचा भोग मी भोग म्हणून सोडून दिला तर तो निर्दयपणा होय. शब्द एकच, पण कोणाच्या तोंडी कोणासाठी येतो यावर त्याचे पुण्य की पाप हे ठरते. माउलींनी तेराव्या अध्यायात अहिंसेचे लक्षण किती विस्ताराने सांगितले आहे ते पाहावे. अहिंसक माणसाचे नुसते पाऊल टाकणेच नव्हे, तर त्याचे बोलणेही कसे असते हे ते सांगतात. शब्द मागून येतो, कृपा आधी पुढे झालेली असते. आमच्या ‘भोग आहे’ या शब्दाच्या पुढे कृपा चालत नव्हती. तो शब्द एकटाच गेला आणि त्या बाईला लागला.

आणि बोलून दाखविणे हा उणेपणा असता, तर संत गप्प राहिले असते. दुष्काळात घरची माणसे गेली, व्यवसाय बुडाला, लाज वाटू लागली, हे तुकोबांनी लपवून ठेवले नाही. चोखोबांनी आपले गाऱ्हाणे थेट देवापुढे मांडले. देवाशी भांडण्याइतका आपलेपणा ज्या पंथात आहे, त्या पंथातल्या माणसाने डॉक्टरपुढे ‘दुखते’ म्हणायला का लाजावे? सोसणे म्हणजे लपविणे नव्हे. दुखते हे कबूल करून त्यासकट उभे राहणे, याचे नाव सोसणे.

झरीच्या लोकांना ऐकून घेण्याचे मोल आमच्याआधी ठाऊक आहे. हे गाव तेव्हा उंबरगाव तालुक्यात होते. जमीनदार वारल्यांना मजुरीवाचून वेठीस राबवीत. लग्नासाठी कर्ज काढणारा लग्नगडी म्हणून सावकाराच्या घरी बांधला जाई. १९४५ च्या मे महिन्यात याच झरीला किसान सभेची परिषद भरली आणि सुमारे ५००० आदिवासी जमले. वेठ करणार नाही, असा निश्चय तेथे झाला. गोदावरी व शामराव परुळेकर यांनी ज्या चळवळीस वाहून घेतले तिच्या राजकारणाशी आम्हांस येथे कर्तव्य नाही. पण गोदावरीबाईंचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक वाचताना एक गोष्ट मनावर ठसते. त्या पाड्यापाड्यांतून हिंडल्या, झोपड्यांतून राहिल्या, आणि आधी ऐकत राहिल्या. ‘हे असेच चालायचे’ असे ज्यांना पिढ्यान् पिढ्या सांगण्यात आले होते, त्यांचे दुःख खरे आहे असे कोणीतरी मानले; मग ती माणसे उठून उभी राहिली.

आता ज्यांची अशी मान, पाठ वा दुसरे काही शस्त्रक्रियेनंतर दुखते आहे, त्यांच्यासाठी अनुभवाच्या चार गोष्टी. हाताची ताकद नव्याने कमी होऊ लागली, चालताना तोल जाऊ लागला, लघवी-शौचावरचा ताबा सुटला, ताप आला किंवा जखम वाहू लागली, तर एकादशीची वाट पाहू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा. एरवी एक वही ठेवा. केव्हा दुखते, कुठे दुखते, कशाने वाढते, कशाने उतरते ते लिहा, आणि ‘फार दुखते’ म्हणण्याऐवजी ‘वीणा दहा मिनिटे धरवत नाही’ असे सांगा. जाताना घरचे एक माणूस बरोबर न्या. आपले कागद मागा. मागितल्यापासून ७२ तासांत ते द्यावेत असा वैद्यक परिषदेचा २००२ चा नियम आहे. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेणे हा रुग्णाचा हक्क आहे, अपमान नव्हे. नसेच्या वेदनेची औषधे वेगळी असतात, मोठ्या रुग्णालयांत वेदनेवर स्वतंत्र उपचार असतात, आणि व्यायाम शिकविणाऱ्याकडे धीराने जावे लागते. आम्हांला पुढे असे एक डॉक्टर भेटले. त्यांनी पहिल्यांदा विचारले, “झोप लागते का हो?” आमच्या डोळ्यांत पाणी आले. कळ पूर्ण गेली नाही. पण ती आता आम्हांला एकट्याने वाहावी लागत नाही.

झरीच्या बाईला आम्ही बरोबर घेऊन त्यांच्याकडे गेलो. तिचे काय होईल ते पांडुरंग जाणे. तिला ‘काही नाही’ असे कोणी म्हणाले नाही, एवढे खरे. दिंडीतली वीणा आता एका तरुणाच्या गळ्यात आहे. आम्ही शेजारी हलक्या हाताने टाळ धरतो. कीर्तनही करतो, पण कीर्तन आटोपल्यावर कोणी आपले दुखणे सांगू लागला, तर उपदेश तोंडाशी आलेला मागे सारतो, त्याच्याजवळ बसतो आणि विचारतो, “कुठं दुखतंय, बाबा?” एवढे विचारून थांबणे आम्हांला या वयात शिकावे लागले.

पुंडलिक वरदे हरी विठ्ठल!