शिकलेली भीती कोणाची?

चिंचेचं नुसतं नाव काढलं तरी तोंडाला पाणी सुटतं. ज्याने चिंच कधी चाखलीच नाही त्याला मात्र काही होत नाही. म्हणजे ते पाणी जन्मजात नाही, शिकलेलं आहे. पण शिकायचं असं कुणी ठरवलेलं नव्हतं. माणूस ज्याला ‘माझी आवड’, ‘माझी भीती’, ‘माझा स्वभाव’ म्हणतो, त्यातलंही असंच नकळत आलेलं किती असेल? आणि जे नकळत आलं, त्याचा जाब त्याला विचारावा का?

रशियन शरीरशास्त्रज्ञ इव्हान पावलोव यांना १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळालं ते पचनक्रियेवरच्या कामासाठी. कुत्र्यांची लाळ मोजताना एक अडचण वारंवार यायची: अन्न तोंडात पडण्याआधीच, ते आणणाऱ्याच्या चाहुलीनेच, लाळ गळू लागायची. ही अडचणच पुढे त्यांच्या अभ्यासाचा विषय झाली. मेट्रोनोमची टिकटिक ऐकवायची आणि लगेच अन्न द्यायचं. काही आवर्तनांनंतर नुसत्या टिकटिकीनेही लाळ सुटू लागे. मानसशास्त्राची मराठी पुस्तकं याला अभिजात अभिसंधान म्हणतात.

लाळेपर्यंत ठीक होतं. १९२० साली अमेरिकेत बाल्टिमोर इथे जॉन वॉटसन आणि रोझाली रेनर यांनी ‘अल्बर्ट’ या टोपणनावाच्या, वर्षही न भरलेल्या बाळावर हेच करून पाहिलं. बाळाने पांढऱ्या उंदराला हात लावला की मागे लोखंडी कांबीवर हातोडा हाणायचा. असं काही वेळा झाल्यावर बाळ उंदीर दिसताच रडू लागलं. पुढे सशाला आणि फरच्या कोटालाही बिचकू लागलं. ती भीती काढण्याचा प्रयत्न न करताच प्रयोग संपला. हे क्रौर्यच होतं, दुसरा शब्द नाही. हे बाळ मोठेपणी सशाला घाबरलं असतं, तर लोक त्याला भित्रा म्हणाले असते. घरोघरी लहान मुलांना असंच म्हटलं जातं, त्यांच्या आयुष्यातला हातोडा कुणीही न शोधता.

मग माणूस अशा नकळत उमटलेल्या ठशांचा गुलाम का? तसंही नाही. १९६०च्या दशकात रॉबर्ट रेस्कोर्ला यांनी दाखवलं की नुसती जोडी जमून भागत नाही. आवाज असो वा नसो, विजेचा झटका तितकाच बसत असेल, तर उंदीर त्या आवाजाला घाबरायला शिकत नाहीत. पुढे काय घडणार याची खबर देणारी खूणच प्राणी धरून ठेवतो.

शिकलेलं पुसलं जातं का, याचं उत्तर पावलोव यांच्याच कुत्र्यांनी दिलं. अन्नाविना टिकटिक ऐकवत राहिलं की लाळ आटते. पण मध्ये काही वेळ जाऊ दिला की पुन्हा थोडी सुटते. जुनं आत शिल्लक असतं, नवं त्याला अडवून धरतं. पतंजलींच्या योगसूत्रांच्या पहिल्या पादात याच्या फार जवळची मांडणी आहे: समाधीतल्या प्रज्ञेतून उपजलेला संस्कार इतर संस्कारांना प्रतिबंध करतो. आणि तिथे अभ्यासाच्या, म्हणजे सरावाच्या, अटी कडक आहेत. तो दीर्घकाळ, खंड न पाडता, आदराने व्हायला हवा.

१९२४ साली मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या मुलाला त्याच्या आवडीचा खाऊ देत देत ससा हळूहळू जवळ आणला. अखेरीस तो सशाला कुरवाळू लागला. भीती त्याने निवडली नव्हती. पण ती सुटायला कुणाला तरी शेजारी बसून धीर धरावा लागला. जाब विचारण्यापेक्षा ही सोबत कितीतरी न्याय्य आहे.

पतंजली मात्र इथे थांबत नाहीत. त्यांना अखेरीस तो अडवणारा नवा संस्कारही निरुद्ध झालेला हवा आहे. लाळ मोजणाऱ्या प्रयोगशाळेकडे या अवस्थेसाठी मोजपट्टी नाही, आणि तिथून पुढचा प्रश्न साधकाचा आहे.