दमनकाचा खटला

सिंहाच्या पंजाखाली बैल मेला आणि कोल्ह्याला मंत्रिपद मिळालं. पंचतंत्रातलं पहिलं तंत्र, ‘मित्रभेद’, इथे संपतं. जिवाभावाच्या संजीवक बैलाला आपल्याच हातांनी मारल्याचा पिंगलक सिंहाला पस्तावा होतो, दमनक कोल्हा चार नीतिवचनं ऐकवून त्याची समजूत घालतो आणि कारभार पुढे सुरू राहतो. ११९९ साली पूर्णभद्र या जैन साधूने पंचतंत्राची नवी संहिता सिद्ध केली, तीतही हा शेवट कायम राहिला. नारायण पंडिताने ‘हितोपदेश’ रचताना तंत्रांचा क्रम बदलला, बऱ्याच गोष्टी नव्याने घातल्या. दमनकाच्या केसाला मात्र त्यानेही धक्का लावला नाही.

वाचणाऱ्याला हे बोचतं, कारण दमनकाचं काम फार जवळून दाखवलेलं आहे. तो कुणावर हात उगारत नाही. आधी तो सिंहाच्या कानाशी लागतो: बैलाचा राज्यावर डोळा आहे, तो शिंगं रोखून इकडेतिकडे बघत आला तर समजून घ्या. मग बैलाकडे जातो: महाराज शेपटी उचलून, कान टवकारून, पाय आखडून बसलेले दिसले तर तुमचं काही खरं नाही. बिचारा बैल घाबरून, सावधपणे दरबारात येतो. त्याचा सावधपणा सिंहाला बंडासारखा दिसतो. सिंह ताठ होतो आणि बैलाला आपला मृत्यू समोर दिसतो. दोघांनाही सांगितलेली खूण पटते. कळ लावण्याचं याहून अचूक चित्र कथावाङ्मयात सापडणं अवघड.

पण हा कोल्हा असा का झाला? मंत्र्याचा मुलगा, अधिकार गेलेला, सिंहाच्या उष्ट्यावर जगणारा, एवढं कथा सांगते. बाकीचं जणू त्याच्या जातीतच आलं. कोल्हा तो कोल्हाच! मुलांच्या पुस्तकांत तर तेवढंही कारण उरत नाही. तिथे तो नुसता ‘दुष्ट’ असतो. इथेच कथा तत्त्वज्ञानाच्या दारात येऊन उभी राहते. दुष्टपणा जन्मजात असेल तर त्याचा जाब कुणाला विचारायचा?

हा प्रश्न अंगावर घेणारा माणूस भारतातला नव्हता. इराणचा बादशहा खुस्रो अनुशीरवान याच्या काळात, सहाव्या शतकात, बुर्झोय नावाच्या वैद्याने हे पुस्तक पहलवी भाषेत नेलं. ती प्रत नष्ट झाली. तिच्यावरून झालेला जुना सीरियाक अनुवाद उरला आहे आणि त्यात दमनक सुटलेलाच आहे. पुढे ७५०च्या सुमारास अब्दुल्ला इब्न अल-मुकफ्फा याने त्याच पहलवी पुस्तकाचं अरबी केलं. दमनकाचा जोडीदार कोल्हा करटक आणि दमनक तिथे ‘कलीला व दिम्ना’ झाले. या अरबी पुस्तकात बैलाच्या मरणानंतर एक सबंध नवं प्रकरण आहे: दिम्नाची चौकशी. ते इब्न अल-मुकफ्फाने स्वतः रचलं, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

प्रकरण रात्री सुरू होतं. सिंहाकडून उशिरा परतणारा बिबट्या कोल्ह्यांच्या घरावरून जाताना कलीलाचा आवाज ऐकतो. तो दिम्नाची खरडपट्टी काढत असतो. बिबट्या ते सिंहाच्या आईला सांगतो, आई मुलाला बोलते आणि दरबार भरतो. पुढची पानंच्या पानं दिम्ना बोलत राहतो: आर्जवाने, तडफेने, दाखले देत.

मग सिंहाच्या मुदपाकखान्याचा प्रमुख उठतो. या दिम्नाचा डावा डोळा उजव्याहून लहान आहे, तो फडफडतो, नाक एका बाजूला कललंय. ही सगळी पाप्याची लक्षणं, असं तो ठणकावतो. दिम्नाचं उत्तर या साऱ्या प्रकरणाचा कळस आहे. जन्माच्या खुणांवरून माणूस चांगला-वाईट ठरत असेल, तर चांगल्याला बक्षीस कशाचं आणि वाइटाला शिक्षा कशाची? मग तर मी निर्दोषच ठरलो, कारण या खुणा मी अंगावर मागून घेतलेल्या नाहीत. त्यानंतर तो त्या प्रमुखाच्या स्वतःच्या अंगावरची व्यंगं भर दरबारात मोजून दाखवतो आणि त्या गृहस्थाची मुदपाकखान्यातून हकालपट्टी होते.

हा नुसता हजरजबाबीपणा नव्हता. इब्न अल-मुकफ्फा ज्या बसरा शहरात वावरला, तिथे हाच वाद पेटलेला होता. माणसाचं कर्म ईश्वराने आधीच ठरवलेलं की त्याचं त्याने निवडलेलं? कदरी म्हणवले जाणारे लोक निवडीच्या बाजूचे. ७२८ साली वारलेल्या हसन अल-बसरी या बड्या धर्मज्ञाचं नावही या वादाशी जोडलेलं आहे. मशिदीतला हा वाद इब्न अल-मुकफ्फाने एका कोल्ह्याच्या तोंडी घातला, तोही गुन्हेगार कोल्ह्याच्या.

आणि दिम्नाचं म्हणणं बरोबर आहे. मात्र ते एकदा मान्य केलं की त्याची शेवटची पळवाटही बंद होते. जन्माने दुष्ट नसशील, तर जे केलंस ते निवडून केलंस. सपाट खलनायकाला खोली देण्याचा याहून प्रामाणिक मार्ग कुठला असेल? दुःखी बालपणाची एखादी कहाणी जोडून वाचकाची कीव मिळवणं सोपं होतं. इब्न अल-मुकफ्फाने त्याला बुद्धी दिली, बोलायला पुरेसा वेळ दिला आणि त्याच्याच युक्तिवादातून त्याच्यावर जबाबदारी आणली.

दुसरी गोष्ट साक्षीची. संजीवकाला मारताना सिंहाने एकही साक्षीदार विचारला नव्हता. हलक्या कानाच्या राजाला कुजबुज पुरली. दिम्नाला शिक्षा द्यायची तर नुसत्या संशयावर भागत नाही. तो तुरुंगात असताना कलीला भेटायला येतो, पुन्हा बोल लावतो, आणि शेजारी कैदेत असलेला एक चित्ता ते ऐकतो. अखेर बिबट्या आणि चित्ता अशा दोन साक्षी उभ्या राहतात. आधी का बोलला नाहीस, असं विचारल्यावर चित्ता सांगतो की एकट्याच्या साक्षीवर निवाडा होत नाही. तो काजीच्या कचेरीतला नियम आहे. बैलाच्या वाट्याला जे आलं नाही, ते त्याच्या मारेकऱ्याला मिळतं. या प्रकरणातलं सगळ्यात न्याय्य असं काही असेल तर ते हेच. दिम्नाला शेवटी दिलेला मृत्यू नव्हे.

कलीला मात्र निवाड्यापर्यंत पोचत नाही. तो भीतीने आणि दुःखाने खंगून आधीच मरतो. त्याला सगळं ठाऊक होतं, तो घरात ओरडला आणि दरबारात गप्प राहिला.

चौकशीची कल्पना आपल्याकडे नव्हती असं मुळीच नाही. महाभारताच्या शांतिपर्वात वाघाचा मंत्री झालेला एक सात्त्विक कोल्हा आहे. जळणारे चाकर राजाच्या वाट्याचं मांस चोरून त्याच्या घरात ठेवतात, वाघ देहदंड सांगतो आणि वाघाची आई मध्ये पडते: आधी शहानिशा कर. कोल्हा निर्दोष सुटतो, पण पुन्हा मंत्रिपद घेत नाही. वनात जाऊन प्रायोपवेशनाने देह ठेवतो. ही कथा ‘कलीला व दिम्ना’मध्येही आहे. दिम्नाच्या खटल्यातली सिंहाची आई कदाचित तिथूनच आली असावी.

खटल्यात एक नाव डोळ्यांत भरतं. कलीला गेल्यावर दिम्नाच्या मदतीला येणाऱ्या कोल्ह्याचं नाव रोझबेह. इब्न अल-मुकफ्फाचं इस्लाम स्वीकारण्यापूर्वीचं इराणी नावही रोझबेहच होतं. आणि अल-मुकफ्फा म्हणजे आखडलेल्या हाताचा: त्याचे वडील सारावसुलीच्या कामावर होते, अफरातफरीच्या आरोपावरून छळ झाला आणि त्यात हात निकामी झाला, असं सांगतात.

खलीफा मन्सूरच्या बंडखोर काकासाठी अभयपत्र लिहिण्याचं काम इब्न अल-मुकफ्फाकडे आलं. त्यातल्या कलमांची भाषा इतकी कडक होती की खलिफाला ती झोंबली. ७५६च्या सुमारास बसऱ्याच्या सुभेदाराने त्याला हाल करून मारलं. तेव्हा तो जेमतेम पस्तीस-छत्तीस वर्षांचा होता. त्याच्यासाठी दरबार भरला नाही, दोन साक्षीदार कुणी मागितले नाहीत.