मेजावरचे आरमार

प्रौढ माणसांनी लढाई-लढाई खेळावे काय, हा प्रश्न वरवर पाहता थट्टेचा वाटेल. मुलांनी ती खेळावी याला कोणाचीच हरकत नसते. दिवाळी आली की अंगणात दगडमातीचा किल्ला उभा राहतो, त्यावर अळिवाची हिरवळ उगवते, पायवाटांवर मातीचे मावळे भाले रोखून पहारा देतात, आणि घरातली वडील मंडळी ते सारे कौतुकाने वाकून पाहतात. परंतु चाळिशी उलटलेले संसारी गृहस्थ मेजावर निळे कापड अंथरून त्यावर बोटाएवढी गलबते मांडतात, फासे टाकून एकमेकांचे आरमार बुडवतात आणि त्यात सुटीचा सबंध दिवस घालवतात, असे कोणी सांगितले तर ऐकणारा प्रथम हसतो आणि मग किंचित अस्वस्थ होतो. हसू समजण्यासारखे आहे. विचार करण्याजोगी आहे ती अस्वस्थता.

इंग्लंड-अमेरिकेत हा छंद चांगला रुजलेला आहे, आणि त्याची एक लहानशी शाखा मध्ययुगीन जहाजांच्या लढाया खेळणाऱ्यांची आहे. त्यांच्या मेजावरचे मुख्य जहाज म्हणजे 'कॉग'. पोट फुगीर, डोलकाठी एक, शीडही एकच आणि तेही चौकोनी, असे हे उत्तर युरोपातले मालवाहू तारू. १३८० च्या सुमाराचे असे एक तारू १९६२ साली जर्मनीत ब्रेमेन येथे वेझर नदीच्या गाळात सापडले. ते आज ब्रेमरहाफेनच्या संग्रहालयात उभे आहे. त्याची लांबी २३ मीटरांच्या आसपास भरते. एरवी लोकर नि मद्य वाहणाऱ्या अशा तारवाच्या दोन्ही टोकांना लाकडी बुरूज बांधले आणि त्यांवर तिरंदाज चढवले, की झाली लढाऊ नौका!

मेजावर हे सारे नियमांत बसवावे लागते. वारा कोणत्या दिशेचा हे आधी ठरते. चौकोनी शिडाचे जहाज वाऱ्याच्या तोंडावर चालत नाही. म्हणून ज्याच्या पाठीशी वारा, त्याची गलबते पट्टीने मोजून अधिक इंच सरकतात. बुरूज उंच असेल तर बाण मारणाऱ्याला अधिक गुण. जहाजाला जहाज भिडले की आकडे टाकायचे, आणि मग कोणाची माणसे किती उरली यावर हातघाईचा निकाल.

अशा खेळासाठी साहजिकच पुढे येते ती २४ जून १३४० ची स्लॉइसची लढाई. फ्लँडर्सच्या किनाऱ्यावरील त्या बंदराच्या तोंडाशी फ्रेंचांची दोनशेच्या आसपास जहाजे तीन रांगा करून उभी होती, आणि रांगेतली जहाजे साखळदंडांनी एकमेकांना जखडलेली होती. बार्बाव्हेरा नावाच्या जिनोआच्या अनुभवी दर्यावर्द्याने, खुल्या समुद्रावर निघा, असा सल्ला दिला होता. किएरे आणि बेहुशे या दोघा फ्रेंच सरदारांनी तो मानला नाही. इंग्लंडचा तिसरा एडवर्ड वारा आणि सूर्य पाठीशी घेऊन आला. इंग्रजांच्या लांब धनुष्यांपुढे फ्रेंचांचा निभाव लागेना, अडकलेल्या जहाजांना हलता येईना, आणि एकामागून एक रांग पडत गेली. किएरे मारला गेला, बेहुशेला डोलकाठीवर फाशी दिले. फ्रेंच मृतांचा आकडा जुने बखरकार वीस हजारांच्या घरात नेतात. तो फुगवलेला धरला, तरी हजारो माणसे मेली आणि त्यांतली कित्येक बुडून मेली, यात शंका नाही.

आता आक्षेप असा, की हजारो माणसांचा हा अंत चहाच्या पेल्याशेजारी पुन्हा मांडायचा आणि संध्याकाळी सगळी गलबते पुसून डब्यात ठेवून द्यायची, हा मृतांचा अपमान नव्हे काय? त्या जहाजांवर नॉर्मंडीचे कोळी होते, व्यापारी तारवांवरचे खलाशी होते. खेळात त्यांना एका आकड्यापुरते स्थान. शिवाय आपल्याकडे फासा हा शब्दच निष्पाप नाही. तो उच्चारताच द्यूतसभा डोळ्यांपुढे येते. यावर कोणी म्हणेल, द्यूतसभेतले पाप फाशात नव्हते, पणात होते. धर्मराजाने जिवंत माणसे पणाला लावली. मेजावर कोणीच पणाला लागत नाही. हे उत्तर खरे आहे, पण पुरेसे नाही. ज्याला स्वतःचे काहीच गमवायचे नाही त्याने दुसऱ्यांच्या सर्वस्वाशी खेळावे काय, हा प्रश्न उरतोच.

युद्धाचे खेळ करणाऱ्यांनी आपला हेतू दोन उलट प्रकारांनी सांगितलेला आहे. १८२४ साली रायस्विट्झ या प्रशियन अधिकाऱ्याने आपला युद्धखेळ सैन्यातल्या वरिष्ठांपुढे मांडला आणि तो लष्करी शिक्षणात शिरला. खरे युद्ध अधिक चांगले लढता यावे, हा तेथे हेतू. उलट एच. जी. वेल्सने १९१३ साली 'लिटल वॉर्स' हे पुस्तक लिहिले, ते खेळण्यातले शिपाई आणि खेळण्यातल्या तोफा घेऊन. त्याचे म्हणणे असे, की हा खेळ खेळून पाहणाऱ्याला खरे युद्ध केवढी गलथान गोष्ट असेल हे उमगते. लढायचेच तर माणसाने असे लढावे. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले. वेल्सच्या खेळाने युद्ध टळले नाही, आणि रायस्विट्झच्या खेळानेच युद्धे जन्माला आली असेही कोणी म्हणणार नाही. खेळाच्या अंगी एवढे बळ नसते. त्याचे मोल अन्यत्र शोधले पाहिजे.

मला ते एका साध्या नियमात दिसते. बुडालेले जहाज बुडाले, हा तो नियम. स्लॉइसची लढाई फ्रेंचांच्या बाजूने खेळून पाहावी. मग बेहुशे निव्वळ मूर्ख वाटेनासा होतो. जहाजे बांधून ठेवली की शत्रूला एकेक जहाज एकटे गाठता येत नाही, एकावरची माणसे दुसऱ्याच्या मदतीला धावू शकतात, हा हिशेब मेजावर आपल्यालाही पटतो. पुढे रांगा एकमेकींत अडकतात आणि आधाराच्या साखळीचा गळफास होतो. अशा वेळी हात पुढे करून एखादे गलबत हळूच बाजूला सरकवावे, फासा नीट पडला नाही म्हणून पुन्हा टाकावा, असा मोह होतो. तो आवरणे ही या खेळातली सारी नीती.

हा मोह क्षुल्लक नव्हे. १९४२ च्या मे महिन्यात जपानी नौदलाने मिडवेच्या मोहिमेची तालीम अशीच मेजावर केली. फाशांच्या कौलाप्रमाणे 'अकागी' आणि 'कागा' ही दोन विमानवाहू जहाजे बुडाली. पंच होते अ‍ॅडमिरल उगाकी. त्यांनी जहाजांवर पडलेल्या बाँबची संख्या नवावरून तिनावर आणली. त्यामुळे 'अकागी' वाचली. आणि बुडालेली 'कागा' पुढच्या मोहिमेच्या तालमीत पुन्हा तरंगू लागली, असे त्या नौदलातल्या अधिकाऱ्यांनीच मागाहून लिहून ठेवले आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात खऱ्या समुद्रात ती दोन्ही जहाजे बुडाली, आणि त्यांच्यासोबतची आणखी दोन. खेळाने इशारा दिला होता; थोरामोठ्यांना तो ऐकायचा नव्हता.

स्लॉइसच्या लढाईमागून एक कथा सांगितली जाते. पराभवाची वार्ता फ्रान्सच्या राजाला, सहाव्या फिलिपला, सांगायला दरबारात कोणी धजेना. अखेर विदूषकाने राजाला सांगितले, की इंग्रज मोठे भेकड. आपल्या शूर फ्रेंचांसारख्या त्यांनी समुद्रात उड्या टाकल्या नाहीत. कथा घडली तशीच असेल असे नाही, आणि विनोद तर क्रूरच आहे. तरीही त्या दरबारात बुडालेल्यांची गोष्ट काढण्याचे धाडस एका विदूषकाने केले.

मेजावरचा हा खेळ मला त्या विदूषकाच्या जातीचा वाटतो. त्याला प्रतिष्ठा नाही, आणि मृतांचे दुःख पेलण्याची ताकदही नाही. परंतु हार ती हार, हे तो स्पष्ट सांगतो. घरात, धंद्यात, राज्यकारभारात आपण कितीतरी बुडालेली गलबते तरंगती म्हणून मोजत असतो. मेजावर हार कबूल करणारा माणूस इतरत्रही ती कबूल करील, असा भरवसा नाही. पण ती सवय लावून घ्यायला इतकी स्वस्त जागा दुसरी क्वचितच सापडेल.

आज स्लॉइसपाशी समुद्र उरलेला नाही. ती खाडी गाळाने भरून गेली, आणि ते गाव आता नेदरलँड्सच्या हद्दीत, किनाऱ्यापासून आत आहे. तेथल्या पाण्याची आठवण कोणी एक हौशी माणूस निळ्या कापडावर मांडतो. वारा कोठून होता, साखळ्या का बांधल्या, असे विचारतो. यात अपमान नाही. मात्र संध्याकाळी गलबते डब्यात ठेवताना त्याने एवढे मनात आणावे, की १३४० साली बंदरात बुडालेल्यांना परत ठेवायला असा डबा नव्हता.