सुपारीचा गणपती आणि जीवकाचा कंद

पूजेच्या चौरंगावर विड्याच्या पानावर सुपारी ठेवली की तिचाच गणपती होतो. देवाला दागिने घालायची वेळ आली की गुरुजी अक्षता वाहायला सांगतात. यात देवाची फसवणूक झाली, असं कुणालाच वाटत नाही. मग च्यवनप्राशात जीवकाऐवजी भुईकोहळा पडला, तर भेसळीची कुजबुज का व्हावी?

च्यवनप्राशाशी ज्याचं नाव जोडलेलं आहे त्या अष्टवर्गातल्या आठांपैकी चार वनस्पती, म्हणजे जीवक, ऋषभक, ऋद्धी आणि वृद्धी, हिमालयातली ऑर्किडं मानली जातात. औषध असतं ते बुडाशी फुगलेल्या खोडात किंवा कंदात. म्हणजे ते काढायचं तर झाडच उपटायचं. बोंडात हजारो बिया असतात खऱ्या, पण धुळीसारख्या. सोबत शिदोरी म्हणून काही नाही. मातीत नेमकी बुरशी भेटली तरच त्यातली एखादी रुजते. जगातली झाडून सगळी ऑर्किडं ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय करारात नोंदलेली आहेत. पण करार व्यापारावर नजर ठेवतो, रानातल्या कुदळीवर नाही.

टंचाई मात्र आजची नाही. 16व्या शतकातल्या भावमिश्राने ‘भावप्रकाशा’त अष्टवर्ग राजांनाही दुर्मीळ असल्याचं सांगून बदली द्रव्यं दिली आहेत: जीवक-ऋषभकासाठी विदारी म्हणजे भुईकोहळा, ऋद्धी-वृद्धीसाठी वाराही.

‘प्रतिनिधी’चा, म्हणजे बदली द्रव्याचा, हा विचार त्याच्याही आधी यज्ञविधींची चिकित्सा करणाऱ्या मीमांसकांनी केला होता. जैमिनीच्या सूत्रांच्या सहाव्या अध्यायात त्यावर रीतसर खल आहे. यज्ञासाठी व्रीही म्हणजे भाताचे दाणे नसतील तर त्यांच्यासारखेच नीवार म्हणजे रानभाताचे दाणे चालतात, सोम नसेल तर पूतीक. देवता, अग्नी आणि मंत्र यांना मात्र बदली नाही. यजमानालाही नाही.

पण यज्ञाचं फळ अदृष्ट. स्वर्ग मिळाला की नाही, ते सांगायला कोणी परत येत नाही. खोकला थांबला की नाही, ते मात्र शेजारच्या खोलीतही ऐकू येतं! म्हणून औषधातल्या प्रतिनिधीला शास्त्राची संमती पुरत नाही, त्याचा गुण तपासावाच लागतो. शिवाय भुईकोहळाही रानातलाच वेल. तोही खणूनच काढतात.

चरकसंहितेत वनस्पती आणायला जाणाऱ्याने उपास करावा, शुभ्र वस्त्र नेसावं, देवतांची पूजा करावी, असं सांगितलं आहे. आता खणणारा एक, विकणारा दुसरा आणि सकाळी चमचा तोंडात घालणारा तिसराच. यातला यजमान कोणता, हे जैमिनीलाच विचारावं लागेल.