न्हायचा वार

सकाळी भांग पाडताना बोटांना तेल लागतं. काल संध्याकाळपर्यंत बरे दिसणारे केस मुळाशी चप्प बसलेले असतात, कपाळाजवळच्या बटा मेणचट झालेल्या असतात, आणि घरोघरी एकच प्रश्न निघतो: आज धुवायचे की उद्यावर ढकलायचे? निकाल बहुधा डोक्याकडे न बघताच लागतो. परवाच तर धुतले होते. आज गुरुवार आहे. रोज धुतले की गळतात म्हणे. टाकीत पाणी कमी आहे. उद्या हळदीकुंकवाला जायचंय, तेव्हा उद्याच एकदम. एवढ्या सगळ्यांचं ऐकून होतं, फक्त ज्या त्वचेचा हा प्रश्न आहे तिला कोणी विचारत नाही.

आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा न्हायचं, ही आपल्याकडची रीत काही त्वचेचा अभ्यास करून पडलेली नाही. ती पडली पाण्यावरून, सरपणावरून आणि बायकांच्या वेळेवरून. विहिरीचं पाणी शेंदायचं, बंब पेटवायचा, शिकेकाई उकळून गाळायची, कमरेपर्यंतचे केस मोकळे सोडून वाळवायचे; त्यात अर्धा दिवस जाई. एकत्र कुटुंबात बायकामुलींची आठ-दहा डोकी असली की पाळी लावल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. मग त्या पाळीला वारांचे नियम येऊन चिकटले. कुठे सोमवार वर्ज्य, कुठे शनिवार, कुठे एकादशी. एकाच घरातल्या दोन जावांना विचारा, दोघी आपापल्या माहेराहून वेगवेगळ्या याद्या घेऊन आलेल्या असतात. त्या काळाला ते शोभून होतं. आता बंबाच्या जागी गीझर आला, शिकेकाईच्या जागी बाटली आली, १९८० च्या दशकात तामिळनाडूतल्या कडलूरहून निघालेल्या चिक शांपूच्या पुडीने तर रुपयात डोकं धुण्याची सोय खेड्यापाड्यांतल्या दुकानांत टांगून ठेवली. सरपणाचा हिशेब संपला, वार मात्र राहिला.

आणि वाराबरोबर एक शेराही राहिला. चापूनचोपून तेल लावलेली, दोन वेण्या वर बांधलेली मुलगी नीटनेटकी. जिचे केस भुरभुरतात ती नखरेल. सातवी-आठवीतल्या पोरीने सलग दुसऱ्या दिवशी शांपू मागितला की आजी विचारते, ‘कुठं मिरवायला जायचंय?’ तिला कुठेच जायचं नसतं. तिच्या डोक्याला खाज सुटलेली असते.

हे तेल येतं कुठून, ते एकदा समजून घेतलं की बऱ्याच भीती आपोआप गळतात. केसाच्या प्रत्येक मुळाला चिकटून एक तैलग्रंथी असते. तिच्यातल्या पेशी तळाशी जन्मतात, तोंडाकडे सरकता सरकता स्वतःत स्निग्ध पदार्थ साठवतात आणि शेवटी फुटून त्यातच विरघळतात. आपण ज्याला डोक्याचं तेल म्हणतो ते या फुटलेल्या पेशींचंच बनलेलं असतं. एका पेशीच्या जन्मापासून फुटण्यापर्यंत साधारण दोन-तीन आठवडे जातात. म्हणजे आज सकाळी बोटाला जे लागलं त्याची तयारी दोन-तीन आठवड्यांपूर्वीच सुरू झालेली होती. काल तुम्ही शांपू लावला की नाही, याची ग्रंथीला खबर नसते. ‘जास्त धुतलं की डोकं चिडून जास्त तेल सोडतं’ हे पार्लरपासून डब्याच्या सुट्टीपर्यंत सगळीकडे ऐकू येणारं वाक्य इथे अडतं. ग्रंथीला हुकूम येतो तो संप्रेरकांकडून, विशेषतः अँड्रोजनकडून. म्हणून वयात येताना तेल एकदम वाढतं, आणि पाळी गेल्यावर बायकांचं ते कमी होत जातं. बाकी घराण्याचा वारसा.

मग धुतल्यावर लगेच तेलकट झाल्यासारखं का वाटतं? एक तर स्वच्छ डोक्यावर थोडंसं तेलही उठून दिसतं. चार दिवसांच्या थरावर पाचव्या दिवसाचं कळत नाही. दुसरं, सरळ आणि बारीक केसांवरून तेल झरझर खाली उतरतं, कुरळ्यांवर ते वळणावळणाला अडतं. तेवढंच तेल असून एकीचे केस संध्याकाळी चिकटतात, दुसरीचे चार दिवस कोरडे राहतात. म्हणून मैत्रिणीचं वेळापत्रक उसनं घेण्यात अर्थ नाही, मग तिचे केस कितीही सुंदर असोत. घाम वेगळा आणि तेल वेगळं, हेही लक्षात ठेवावं. स्कार्फ आणि त्यावर हेल्मेट घालून पुण्यात दुपारी गाडी चालवणारीचं किंवा जुलैत विरार लोकलमधून उतरणाऱ्याचं डोकं ओलं होतं ते घामाने. त्यातलं पाणी उडून जातं, मीठ राहतं. तेल मात्र असेल तिथेच बसून राहतं. घामाला एखादे दिवशी नुसतं पाणीही चालतं, तेलाला चालत नाही.

गळतीची भीती सर्वांत मोठी. न्हाणीघराच्या जाळीवर केसांचा पुंजका दिसला की छातीत धस्स होतं आणि पुढचं न्हाणं दोन दिवसांनी लांबतं. खरी गोष्ट अशी की डोक्यावर लाखभर केस असतात आणि त्यांतले रोज पन्नास ते शंभर गळणं हा शरीराचा नित्यक्रम आहे. वेणीत, अंबाड्यात, तेलात अडकलेले हे सुटे केस धुताना एकदम बाहेर येतात. चार दिवसांनी धुतलं तर चार दिवसांचे दिसतात. जितकं लांबवाल तितका पुंजका मोठा, आणि तितकी पुढच्या वेळी धुण्याची धास्ती मोठी. शांपूने मुळावरचा केस उपटला जात नाही. सुटलेला होता तो हाती येतो. पुंजका रोजच मोठा होत असेल, भांग रुंदावत असेल, तर ते दुखणं वेगळं आहे आणि न्हाणं लांबवून ते थांबत नाही.

आता कोंडा. इथे मात्र आपल्या घरगुती शहाणपणाने खरोखर घोटाळा केलाय. डोक्यातून पांढरा भुगा पडायला लागला की आपण म्हणतो, त्वचा कोरडी पडली, तेल जिरवा. आणि रात्री वाटीभर कोमट तेल टाळूवर ओतलं जातं. मलासेझिया नावाची बुरशी बहुतेक सर्व मोठ्या माणसांच्या डोक्यावर राहते. तिला स्वतःची स्निग्धाम्लं बनवता येत नाहीत, त्यामुळे ती आपल्या तेलावर जगते. प्रयोगशाळेत ती वाढवायची तर तिच्या अन्नावर बहुधा ऑलिव्ह तेल घालतात. ती आपलं तेल फोडते, हवं ते घेते आणि ओलेइक आम्लासारखे घटक मागे टाकते. ज्यांना ते सोसत नाहीत त्यांच्या त्वचेचा दाह होतो, कातडी नेहमीपेक्षा भराभर सुटू लागते. तोच कोंडा. त्यावर पुन्हा तेल घातलं की भुगा चिकटून बसतो, दोन दिवस बरं वाटतं, आणि मग आधीपेक्षा जोरात सुरू होतं. कोंडा झालेल्या डोक्यावर तेल थापणं बंद करा, एवढा एक बदल केला तरी कितीतरी घरांतली खाज निम्मी होईल, असं मला वाटतं.

म्हणून तेलालाच नावं ठेवायची का? मुळीच नाही. खोबरेल तेलाच्या बाबतीत तर आपली आजी बरोबर होती, फक्त जागा चुकली. मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या संशोधकांनी २००३ साली दाखवलं की खोबरेल तेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं. सूर्यफुलाच्या आणि खनिज तेलाला ते जमलं नाही. २०२१ मध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बलच्या मंडळींचा सहभाग असलेल्या, आशियाई लोकांवरच्या एका अभ्यासात आठवड्यातून पाच-सहा वेळा केस धुणारे लोक आपल्या केसांवर आणि डोक्यावर सर्वांत खूश आढळले, आणि वारंवार धुण्याने नुकसान झाल्याचं दिसलं नाही. एक कंपनी तेल विकणारी, दुसरी शांपू विकणारी. दोघींचं थोडं सावधपणेच ऐकावं. पण गंमत अशी की दोघींचं म्हणणं एकमेकांविरुद्ध जात नाही. तेल केसाला हवं, शांपू त्वचेला.

केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. कमरेला टेकलेल्या वेणीचं टोक पाच-एक वर्षांपूर्वी डोक्यातून निघालेलं असतं. पाच पावसाळे, पाच उन्हाळे आणि असंख्य फण्या सोसून ते जुन्या लुगड्यासारखं विरलेलं असतं. मुळाशी मात्र आजचं, ताजं तेल असतं. या दोन टोकांना एकच उपचार कसा लागू पडेल? म्हणून धुण्यापूर्वी तासभर शेंड्यांना, केसांच्या खालच्या निम्म्या भागाला खोबरेल लावावं, डोक्याच्या त्वचेला नाही. शांपू फक्त त्वचेला, बोटांच्या पेरांनी चोळून, नखांनी ओरबाडून नव्हे. लांबीवर वेगळा फेस काढायची गरज नसते, खाली ओघळणारा फेस तिला पुरतो. कंडिशनर वापरत असाल तर तोही शेंड्यांनाच. मुळाशी लावला तर दुपारपर्यंत पुन्हा चिकट. आणि पुरुषमंडळींनी अंगाचा साबण डोक्याला फासणं सोडावं. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा जो चिकट साका बसतो त्यालाच पुष्कळजण डोक्याचा तेलकटपणा समजतात.

पाण्याचा मुद्दा खोटा नाही. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट बघणाऱ्या घरात ‘रोज केस धुवा’ असं सांगणं हा आगाऊपणा होईल. पण तिथेही त्वचेपुरतं धुता येतं. शांपू मगभर पाण्यात आधी कालवून घ्यायचा, तो भांगाभांगातून ओतायचा, मिनिटभर चोळायचं. फेस कमी होतो, धुवायला पाणी कमी लागतं. आपल्या बायका पुडीचं असंच करत आल्या आहेत, आणि ती पद्धत उत्तम आहे. केस खांद्यापर्यंत कापणं हाही पाणी वाचवण्याचा मार्ग आहे, पण त्यावर घरात काय बोललं जाईल याची मला कल्पना आहे.

तर आज की उद्या? भांग पाडा आणि मुळाशी बोट दाबून बघा. बोट चकाकलं, वास आला, खाज सुटली, तर आज. मग तो कोणताही वार असो. बोट कोरडं असेल तर परवापर्यंत खुशाल थांबा. तेलकट डोक्याच्या तरुण माणसाला हे उत्तर रोज किंवा एक दिवसाआड मिळेल, दाट कुरळ्या केसांच्या बाईला आठवड्याने, साठीच्या पुढच्या आजींना त्याहूनही उशिरा. पावसाळ्यात एक आणि डिसेंबरात दुसरं मिळेल. शांपू सौम्य असला की यातल्या कुठल्याच उत्तराला घाबरायचं कारण नाही. नरकचतुर्दशीचं अभ्यंग मात्र जरूर करा. वर्षातून एका पहाटे डोक्यावर तेल थापल्याने कोणाचं काही बिघडत नाही.

खाज आणि पापुद्रे केसांपुरते न राहता भुवयांत, नाकाच्या कडेला, कानामागे दिसू लागले, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. ते देतील तो केटोकोनॅझोलसारखा औषधी शांपू फेस काढून लगेच धुऊन टाकू नका, सांगितलेली तीन-पाच मिनिटं डोक्यावर राहू द्या. एरवी औषध मोरीत जातं. मुलीचं डोकं अचानक फार तेलकट होऊ लागलं, सोबत पाळी अनियमित झाली, हनुवटीवर केस आले, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. ते शांपूचं काम नाही.

आणि घरात चौदा-पंधरा वर्षांची मुलगी किंवा मुलगा असेल, तर एवढं करा: त्यांनी रोज डोकं धुवायचं म्हटलं की वार विचारू नका, शाळेत जाण्याआधी तेल लावलंच पाहिजे असा हट्ट धरू नका, कपाळावरच्या पुरळात त्या तेलाचाही हात असतो. गीझर दहा मिनिटं आधी लावून ठेवा.