परतीचे दोर : खेळातील लढाई, निवड आणि उत्तरदायित्व

१

लढाई सांगणे आणि लढाई खेळणे या दोन भिन्न कृती आहेत. पोवाडा ऐकणाऱ्याला शेवट ठाऊक असतो. वीराने घेतलेला प्रत्येक निर्णय त्या शेवटाच्या उजेडात दिसतो, आणि म्हणूनच तो निर्णय न वाटता नियती वाटू लागतो. याउलट, गेल्या अर्धशतकात जगभर रूढ झालेल्या कल्पितविश्वातील भूमिका-खेळांमध्ये शेवट कोणालाच ठाऊक नसतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'पासून (१९७४) या प्रकाराची परंपरा सुरू झाली असे मानले जाते. काही जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येक जण एका पात्राची भूमिका घेतो. एक जण मात्र त्या जगाचे वर्णन करतो, शत्रूंच्या चाली खेळतो आणि नियमांचा अर्थ लावतो; त्याला आपण सूत्रधार म्हणू. 'मी काय करतो' हे खेळाडू बोलून सांगतो, आणि जेथे परिणाम संदिग्ध असेल तेथे फासा टाकला जातो. अशा रीतीने अनेकांच्या बोलण्यातून एक मौखिक संहिता सिद्ध होते. कथनमीमांसेने तिच्याकडे करमणूक म्हणून दुर्लक्ष करावे असे तिच्यात काही नाही.

प्रस्तुत निबंधापुढील प्रश्न मर्यादित आहे. या खेळांमध्ये खेळाडूच्या निवडीमुळे लढाईला आकार येतो, असे नेहमी म्हटले जाते. परंतु 'निवड' म्हणजे नेमके काय? आणि कोणत्या निवडीला नैतिक अर्थ असतो?

२

लढाई सुरू झाल्यावरची निवड प्रथम पाहू. कोणी आधी वार करायचा याचा क्रम ठरतो. वीस बाजूंचा फासा टाकून, त्यात पात्राचे कौशल्य मिळवून, आलेली बेरीज शत्रूच्या चिलखताच्या अंकाशी ताडून पाहिली जाते. वार लागला तर शत्रूचे प्राणांक कमी होतात. कोणते शस्त्र घ्यावे, कोठे उभे राहावे, कोणावर वार करावा, हे खेळाडू ठरवतो. या निवडी रंजक असतात. पण त्या मुख्यतः हिशेबाच्या निवडी आहेत. साध्य आधीच ठरलेले असते. फक्त साधन निवडायचे असते.

या खेळाच्या आरंभीच्या नियमांत मात्र आणखी काही होते. समोर आलेला प्राणी शत्रुत्वानेच वागेल असे गृहीत धरलेले नव्हते. त्याचा पवित्रा फाशाने ठरे. लढता लढता त्याचे धैर्य खचले का, याचीही परीक्षा घेता येई. त्याहून महत्त्वाचे असे की, पात्राच्या अनुभवाचे गुण शत्रू मारण्यापेक्षा मुख्यतः मिळवलेल्या संपत्तीवर मोजले जात. म्हणजे लढाई टाळून, बोलणी करून, मागच्या वाटेने जाऊन काम साधणारा खेळाडू भित्रा ठरत नसे. तो चतुर ठरे. पुढे संपत्तीवरील गुणांचा हा नियम मागे पडला. नियम ज्याला बक्षीस देतो त्याला खेळाडू मोल देतो. आणि केवळ मारण्यालाच बक्षीस असेल, तर इतर सर्व निवडी कागदावर राहूनही व्यवहारात लोप पावतात.

या खेळाचे आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे त्याचे नियम बुद्धिबळाच्या नियमांसारखे अटळ नसतात. त्यांची वंशावळ प्रशियन सैन्यातील 'क्रीगश्पील' या युद्धखेळापर्यंत जाते. तेथे पंच असे, आणि १८७६ साली फॉन व्हेर्डी दु व्हेर्नोआ याने फासे व कोष्टके बाजूला सारून पंचाच्या निर्णयशक्तीवरच भिस्त ठेवण्याचा पुरस्कार केला. भूमिका-खेळानेही सूत्रधाराला नियम बदलण्याची मुभा दिली. नियमाला प्रश्न विचारता येणे हाही येथे खेळाचाच भाग ठरतो.

यावरून निवडीच्या तीन पातळ्या सांगता येतात : डावातील निवड, डावाच्या अटींची निवड, आणि डाव नाकारण्याची किंवा त्याच्या नियमालाच आव्हान देण्याची निवड. लढाईला खरा आकार येतो तो पहिल्या पातळीवर नव्हे, दुसऱ्या आणि तिसऱ्या पातळीवर, असे माझे प्रतिपादन आहे. ते तपासण्यासाठी रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील सावित्रीचे खोरे पुरेसे आहे. पोलादपूर आणि महाड या दोन तालुक्यांच्या परिसराशी निगडित असलेल्या तीन घटनांमध्ये या तीनही पातळ्या दिसतात. या घटना खेळ नव्हत्या. त्यांत माणसे मेली, जखमी झाली. तुलना आहे ती निवडीच्या रचनेची. पणाला लागलेल्या गोष्टींची नव्हे.

३

पोलादपूर तालुक्यातील उमरठ हे तानाजी मालुसऱ्यांचे गाव. त्यांची समाधी तेथे आहे. फेब्रुवारी १६७० मधील सिंहगडच्या लढाईत ते पडले. परंपरा सांगते की, नायक पडताच मावळे कड्याकडे पळू लागले. तेव्हा सूर्याजीने दोर कापून टाकले आणि मागे वळण्याची वाट उरली नाही. या कथेने मराठी भाषेला एक वाक्प्रचार दिला : परतीचे दोर कापणे. आपण तो बहुधा प्रशंसेने वापरतो.

खेळाच्या भाषेत पाहिले तर ही विलक्षण चाल आहे. येथे निवडीत भर पडत नाही, उलट एक निवड काढून घेतली जाते. आणि तेवढ्याने सगळी लढाई बदलते. भूमिका-खेळ खेळणाऱ्यांना हा अनुभव अपरिचित नाही : मागचे दार बंद झाले की प्रत्येक पात्राची चाल बदलते. पण नैतिक प्रश्न येथेच उभा राहतो. दोर एकाने कापले. लढले आणि मेले मात्र अनेक. ॲरिस्टॉटलने वादळात सापडलेल्या जहाजावरून माल समुद्रात फेकणाऱ्या माणसाचे उदाहरण दिले आहे. ती कृती स्वेच्छेची आणि सक्तीची अशी संमिश्र असते, तरी कर्ता तोच असतो. कड्यावरच्या मावळ्याचे शौर्य याहून बिकट आहे, कारण त्याचे वादळ त्याच्याच सोबत्याने निर्माण केले होते. गड हाती आला म्हणून हा प्रश्न कथेत उमटत नाही. पराभव झाला असता तर हेच दोर कापणे अविवेक म्हणून सांगितले गेले असते. परिणामावरून निवडीचे मूल्य ठरवणे ही वीरकथेची सवय आहे. ती समीक्षेची सवय होता कामा नये.

४

पोलादपूरहून आंबेनळी घाट चढू लागले की प्रतापगड लागतो. गड आज सातारा जिल्ह्यात मोडतो. परंतु त्याच्या पायथ्याचा जावळीचा प्रदेश आणि कोकणात उतरणाऱ्या वाटा यांचा इतिहास एकच आहे. १० नोव्हेंबर १६५९ रोजी शिवाजी महाराज आणि अफझलखान यांची भेट झाली. अज्ञानदासाच्या पोवाड्यापासून आजपर्यंत या प्रसंगाचा केंद्रबिंदू आलिंगनाचा तो क्षण राहिला आहे. त्या क्षणी कोणी आधी वार केला, शस्त्र कोठे दडवले होते, हीच चर्चा होत आली आहे. म्हणजे आपली दृष्टी डावातील निवडीवरच खिळलेली राहते.

वस्तुतः लढाई त्याआधीच आकाराला आली होती. वाईच्या मोकळ्या मुलखात खानाच्या मोठ्या फौजेला अनुकूलता होती. जावळीच्या जंगलात ती उरली नाही. कृष्णाजी भास्कर आणि पंताजी गोपीनाथ या वकिलांच्या बोलण्यांतून स्थळ ठरले, भेटीची रीत ठरली, सोबतच्या माणसांची संख्या ठरली. रानात सैन्य आधीच पेरलेले होते. फाशाला शक्य तितके कमी काम उरावे अशी ही रचना होती. कुशल खेळाडूही हेच करतो : समसमान सामना स्वीकारण्याऐवजी सामन्याच्या अटी बदलतो. तरीही एक भेद नोंदवला पाहिजे. अटींची निवड म्हणजे अजून लढाईचाच स्वीकार. ती लढाई कमी खर्चाची करते. लढाई आवश्यक आहे का, हा प्रश्न ती पुढे नेत नाही.

५

तो प्रश्न महाडमध्ये पुढे गेला. रावबहादूर सी. के. बोले यांच्या ठरावाने (१९२३) सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचे धोरण स्वीकारले गेले होते. महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला होता. नियम होता, तो कोणी खेळून पाहिला नव्हता. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली परिषदेचे प्रतिनिधी तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर, ते आता वीरेश्वराच्या मंदिरात शिरणार अशी अफवा उठली आणि गावात व मंडपात त्यांच्यावर हल्ले झाले.

या वेळच्या निवडीकडे बारकाईने पाहिले पाहिजे. प्रतिनिधींमध्ये सैन्यातून निवृत्त झालेली माणसे होती. प्रतिकाराची क्षमता आणि इच्छा दोन्ही होती. आंबेडकरांनी त्यांना हात उचलू दिला नाही. प्रकरण कायद्याच्या मार्गाने नेण्यात आले आणि हल्लेखोरांपैकी काहींना पुढे शिक्षा झाली. न लढणे ही निवड तेव्हाच ठरते, जेव्हा लढता येत असते. सामर्थ्य नसलेल्याचे न लढणे ही केवळ अगतिकता होय. आरंभीच्या भूमिका-खेळात लढाई टाळणे चतुरपणाचे होते, कारण तेथे न लढण्याने लाभ होत असे. महाडच्या माणसांना त्या संध्याकाळी कोणताच लाभ दिसत नव्हता. अंगावर जखमा मात्र होत्या. म्हणून या निवडीला हिशेबापलीकडचे मोल आहे.

डिसेंबर १९२७ मधील दुसरी परिषद याहून कठीण होती. तळे खाजगी मालकीचे असल्याचा दावा करून सनातन्यांनी न्यायालयाकडून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला होता. सत्याग्रहासाठी आलेले लोक तळ्यावर जाण्यास सिद्ध होते. येथेही परतीचे दोर कापता आले असते. तसे झाले नाही. विषय परिषदेपुढे मांडला गेला, बाजूने आणि विरुद्ध भाषणे झाली, आणि अखेर सत्याग्रह तहकूब करण्याचा ठराव झाला. लोकांनी तळ्याच्या कडेने मिरवणूक काढली; पाण्याला हात लावला नाही. याची किंमत थोडी नव्हती : खटला दहा वर्षे चालला. काहींना ही माघार वाटली असेल, आणि त्या वाटण्याला आधार नव्हता असे म्हणता येत नाही. पण ज्यांनी किंमत मोजायची होती त्यांना विचारून ती मोजली गेली. सिंहगडच्या कड्याहून या निवडीचे वेगळेपण यात आहे.

याच परिषदेत, २५ डिसेंबरला, गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांच्या ठरावानुसार मनुस्मृतीचे दहन झाले. ही तिसऱ्या पातळीवरची निवड होय : नियमालाच आव्हान. येथे एक उपरोध नोंदवण्यासारखा आहे. १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला तो, बंदीची रूढी अनादि काळापासून चालत आल्याचे सिद्ध झाले नाही, या आधारावर. म्हणजे न्यायालयाने नियमाचे वय तपासले. दहनाने मात्र, नियम कितीही जुना असला तरी तो अन्याय्य असेल तर बंधनकारक नाही, असे म्हटले होते. पहिली भूमिका चांगल्या पंचाची आहे. दुसरी, नियम कोणी आणि कोणासाठी केले असे विचारणाऱ्या खेळाडूची.

६

या विवेचनातून भूमिका-खेळाच्या समीक्षेसाठी काही निकष हाती येतात. एखाद्या खेळाने शंभर शस्त्रे आणि पन्नास मंत्र दिले म्हणून तो निवडीचे स्वातंत्र्य देतो असे नाही. न लढण्याला त्यात जागा आहे का, आणि त्या जागेची खरी किंमत मोजावी लागते का, हे पाहावे लागेल. एका खेळाडूची निवड साऱ्या गटावर लादली जाते तेव्हा इतरांची संमती कोठे असते, हे पाहावे लागेल. आणि नियम अन्याय्य वाटला तर तो टेबलावर ठेवून त्याविषयी बोलता येते का, हेही.

हेच निकष आपल्या वीरकथांनाही लावता येतील. पोवाडा आणि बखर यांनी निवडीचा शेवट जपला. निवडीचा क्षण, त्यातील नाकारलेल्या वाटा, क्वचितच जपल्या. महाडच्या स्मरणातही पाण्याची ओंजळ ठळक राहिली. त्या संध्याकाळी आवरलेले हात तितके ठळक राहिले नाहीत. भूमिका-खेळाची संहिता, तिच्या सर्व उथळपणासह, एक गोष्ट सतत समोर ठेवते : जे घडले त्याहून वेगळेही घडू शकले असते, आणि कोणीतरी ठरवले म्हणून ते असे घडले. लढाईच्या कथनाकडे या दृष्टीने पाहिले, तर वीराचे माहात्म्य कमी होत नाही; त्याच्याकडे उत्तर मागण्याचा आपला अधिकार मात्र परत मिळतो.