आशेचें माप

असाध्य रोग्यापुढें आशा ठेवितांना ती मोजून ठेवावी काय, हा प्रश्न आज आम्ही वाचकांपुढें मांडीत आहों. धान्य मापून घ्यावें, सोनें तोलून घ्यावें, हें लहान मुलासही कळतें. परंतु औषधाच्या वचनाचें माप मागणें पुष्कळांस कठोरपणाचें वाटतें. "बिचाऱ्याला तेवढाच आधार," असें म्हणून घरचीं माणसें गप्प राहतात. हें गप्प राहणें दया होय कीं हयगय, याचा विचार झाला पाहिजे.

मेंदूंत होणाऱ्या गांठींपैकीं ग्लायोब्लास्टोमा नांवाची गांठ फार घातक असते. शस्त्रक्रियेनें ती बरीचशी काढतां आली तरी तिचीं मुळें मेंदूंत पसरलेलीं असतात, व ती बहुधा पुन्हां वाढते. २००५ मध्यें युरोप व कॅनडा येथील डॉक्टरांनीं ५७३ रोग्यांवर केलेल्या एका प्रयोगाचा निर्णय प्रसिद्ध झाला. एका गटास केवळ किरणोपचार दिले होते. दुसऱ्यास त्यांच्या जोडीला टेमोझोलोमाइड हें औषध दिलें होतें. पहिल्या गटांतील निम्मे रोगी १२.१ महिन्यांपलीकडे जगले, तर दुसऱ्यांतील निम्मे १४.६ महिन्यांपलीकडे. दोन वर्षांच्या अखेरीस पहिल्या गटांत शेंकडा १०.४ व दुसऱ्यांत शेंकडा २६.५ रोगी जिवंत होते. हा लाभ थोडा आहे, पण खरा आहे.

तो खरा आहे हें कशावरून म्हणावें? समजा, एका शेतकऱ्यानें नवें बियाणें विहिरीलगतच्या काळ्या जमिनींत पेरलें व जुनें माळावर पेरलें. नवें पीक जोमानें आलें, तर तें बियाण्याचें यश कीं जमिनीचें, हें कोण सांगणार? दोन्हीं बियाणीं सारख्याच जमिनींत पेरलीं पाहिजेत. रोग्यांचेंही तसेंच आहे. तरुण व सशक्त रोग्यांना नवें औषध आणि थकलेल्यांना जुनें, अशी वांटणी झाली तर औषधाची परीक्षा होतच नाहीं. म्हणून कोणास काय मिळावें हें जणूं चिठ्ठ्या टाकून ठरवितात. १९४८ मध्यें प्रसिद्ध झालेली स्ट्रेप्टोमायसीनची क्षयरोगावरील परीक्षा ब्रिटनमध्यें ह्याच तत्त्वावर झाली होती.

हा नियम मोडला म्हणजे काय होतें, हें रिंडोपेपिमट नांवाच्या लशीच्या हकीकतीवरून दिसतें. ही लस ग्लायोब्लास्टोमाच्या कांहीं रोग्यांसाठीं होती. आरंभींच्या लहान प्रयोगांत तिची तुलना मागील रोग्यांच्या जुन्या नोंदींशीं केली, तेव्हां लस घेणारे बरेच अधिक जगलेले दिसले. मग ७४५ रोगी घेऊन चिठ्ठ्यांच्या रीतीनें मोठा प्रयोग झाला. ज्यांची गांठ शस्त्रक्रियेनंतर फारच थोडी उरली होती, त्यांवर निर्णय अवलंबून होता. लस घेणाऱ्यांचा मध्यम आयुष्यकाल २०.१ महिने भरला. न घेणाऱ्यांचा २०.० महिने! २०१६ मध्यें तो प्रयोग थांबविण्यांत आला. आरंभीं कोणी लबाडी केली होती असें नव्हे. प्रयोगांत निवडलेले रोगी शस्त्रक्रिया व किरणोपचार पार करून तगलेले होते; ते लशीवांचूनही तितकेच जगले असते. जमिनीचें यश बियाण्याच्या नांवें मांडलें गेलें होतें.

येथें पक्षपाताचें खरें स्वरूप कळतें. पक्षपात म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें पैसा येतो, आणि तो असतोच. २०१७ मध्यें, डोक्यावर बसवावयाच्या एका विद्युत्-यंत्रामुळें आयुष्य १६.० वरून २०.९ महिन्यांवर गेल्याचा निर्णय प्रसिद्ध झाला. प्रयोगाचा खर्च यंत्र करणाऱ्या कंपनीचा होता, आणि दुसऱ्या गटास तुलनेसाठीं नकली यंत्र दिलेलें नव्हतें. एवढ्यावरून निर्णय खोटा ठरत नाहीं. परंतु तो वाचतांना ह्या दोन गोष्टी ध्यानांत धरणें अवश्य आहे. पैशाहून बलवत्तर पक्षपात मात्र प्रेमाचा असतो. जो आपल्या भावासाठीं औषध शोधीत आहे, त्याला बरे झालेल्या एकाची गोष्ट शंभर आंकड्यांहून गोड वाटते. बरा झालेला येऊन साक्ष देतो. मेलेले येत नाहींत.

कोणी म्हणेल, ज्याचे थोडेच महिने उरले त्याच्यापुढें हा हिशेब कशाला? आमचें उत्तर असें, कीं थोडे उरले म्हणूनच. ते महिने हीच त्याची सारी मालमत्ता आहे. ते आगगाडींत आणि दवाखान्याच्या दारांत घालवावे कीं घरीं मुलांजवळ, शेत गहाण टाकावें कीं मुलांस ठेवावें, हें ठरविण्याचा अधिकार त्याचा आहे. आणि खोट्या मापानें तो अधिकारच हिरावला जातो. मोजलेली आशा थोडी असली तरी तिच्यावर पाय ठेवून उभें राहतां येतें.

म्हणून डॉक्टरांस नम्रपणें पण स्पष्ट विचारावें: ह्या उपचाराची तुलना कोणाशीं झाली? वांटणी चिठ्ठ्यांनीं झाली काय? माणसें अधिक जगलीं, कीं केवळ छायाचित्रांत गांठ लहान दिसली? त्रास किती झाला? खर्च कोणी केला? आपल्या देशांत २००७ पासून अशा प्रयोगांची सरकारी नोंदवही आहे, व २००९ पासून औषधांच्या प्रयोगांची नोंद तींत आधींच करणें सक्तीचें आहे. ती कोणासही फुकट पाहतां येते. आरंभीं काय मोजूं म्हटलें व शेवटीं काय सांगितलें, हें तींत ताडून पाहतां येतें. गांवांतील एखाद्या शिक्षकानें वा शिकलेल्या तरुणानें एवढें काम शेजाऱ्यासाठीं केलें, तर ती मोठी सेवा होईल.

आणखी एक ऋण सांगितलें पाहिजे. त्या ७४५ जणांनीं, आपल्या वांट्यास काय येईल हें ठाऊक नसतांना, आपले अखेरचे महिने परीक्षेस दिले. लस निरुपयोगी ठरली, पण त्यांचें देणें निरुपयोगी ठरलें नाहीं. त्यांच्यामुळें मागून येणारे कित्येक एका पोकळ वचनापासून वांचले. फसलेल्या प्रयोगाचा निर्णय जो दडवून ठेवितो, तो ह्या मृतांची ठेव बुडवितो. आणि तो उघड असतांही जो पाहत नाहीं, तो त्यांनीं महाग किंमत देऊन लावलेला दिवा पाठीशीं ठेवून अंधारांत चालतो.